घाणा निवडण्याआधी बी निवडा

बचत गटाच्या बैठकीत तेलाचा विषय निघाला की एक प्रश्न हटकून येतो. ‘ताई, आम्ही रिफाइंड बंद केलं. आता लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल आणतो. आता काही काळजी नाही ना?’ विचारणारीने घरखर्चातून जादा पैसे काढून हा बदल केलेला असतो, म्हणून तिच्या आवाजात थोडा अभिमानही असतो. मी तिला उलट विचारते, आधीचं रिफाइंड कशाचं होतं? धाराशिव जिल्ह्यात याचं उत्तर बहुतेक वेळा ‘सोयाबीनचं’ असंच येतं. मग तिला अपेक्षित नसलेली गोष्ट सांगावी लागते. घाण्याचं शेंगदाणा तेल चांगलंच आहे, खुशाल खा. पण हा बदल करताना तुमच्या ताटातलं एक अत्यावश्यक मेदाम्ल जवळजवळ नाहीसं झालं. ते परत आणायला रोज दोन चमचे जवसाची चटणी पुरते.

ही गोष्ट समजून घेण्यासारखी आहे, कारण तेलाबद्दलची आपली सगळी चर्चा ते काढलं कसं यावर अडकून पडली आहे. ते कोणत्या बियांचं, त्याचं काय करायचं आणि किती खायचं, हे प्रश्न मागेच राहतात. शरीराच्या दृष्टीने मात्र तेच आधीचे.

मेदाम्लं अनेक असतात आणि त्यांतली बरीचशी आपलं शरीर स्वतः तयार करतं. दोन मात्र त्याला कधीच तयार करता येत नाहीत. एक लिनोलेइक आम्ल, म्हणजे ओमेगा-६ कुळाचं मूळ. दुसरं अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे ओमेगा-३ कुळाचं मूळ. ही दोन अन्नातूनच यावी लागतात, म्हणून त्यांना आवश्यक मेदाम्लं म्हणतात. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज बर आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने १९२९-३० मध्ये उंदरांवर प्रयोग करून हे दाखवलं. मेदाचा अंशही नसलेला आहार दिल्यावर उंदरांची वाढ खुंटली, कातडी खपल्या धरून सुटू लागली, शेपट्या झडू लागल्या. लिनोलेइक आम्लाचे थोडे थेंब आहारात आल्यावर ते सुधारले. तोवर मेद म्हणजे मुख्यतः कॅलरी, असाच समज होता.

पेशीच्या आवरणात ही मेदाम्लं असतात. मेंदूत आणि डोळ्याच्या पडद्यात ओमेगा-३ कुळातलं डीएचए ठासून भरलेलं असतं. ओमेगा-६ कुळातून तयार होणारे पदार्थ रक्त गोठणं, सूज, रोगप्रतिकार अशा कामांत असतात. दोन्ही कुळं लागतात. पण दोन्ही कुळांचं रूपांतर शरीरातली एकच यंत्रणा करते, त्यामुळे एका कुळाची फारच गर्दी झाली की दुसऱ्याच्या वाट्याला काम कमी येतं.

आता आपल्या जिल्ह्यातली तेलं या नजरेने पाहा. करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल पाऊणभागाच्या आसपास, ओमेगा-३ नावालाही नाही. कारळाचं तेलही साधारण तसंच. सूर्यफुलातही लिनोलेइकच जास्त. तिळाच्या तेलात लिनोलेइक आणि ओलेइक जवळपास निम्मंनिम्मं. शेंगदाण्यात ओलेइक जास्त, लिनोलेइक तिसऱ्या हिश्शाच्या आगेमागे. यांतल्या एकातही ओमेगा-३ मोजण्याइतकं नाही. ते आहे जवसात, आणि भरभरून आहे. जवसाच्या तेलातला निम्म्याहून अधिक भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा असतो. दुसरं नाव सोयाबीनचं. त्याच्या तेलात ते सुमारे ७ टक्के असतं, आणि रिफाइंड केल्यावरही त्यातलं बहुतेक टिकतं.

म्हणून तर वरच्या प्रश्नाला मी सरळ ‘हो’ म्हणत नाही. सोयाबीन रिफाइंडच्या तीन चमच्यांतून घरातल्या माणसाला पाऊण ते एक ग्रॅम ओमेगा-३ मिळत होतं. शेंगदाणा किंवा करडईच्या तेलाकडे वळताच ते थांबलं. घाणा कितीही शुद्ध असला तरी बियांत नसलेली वस्तू तो तेलात आणू शकत नाही. याचं टोकाचं उदाहरण म्हणजे खोबरेल. थंड पद्धतीने काढलेलं महागडं खोबरेलही ९० टक्के संपृक्त मेदच असतं. त्यात लिनोलेइक अगदी थोडं आणि ओमेगा-३ नाही.

किती लागतं, याचा हिशोब तसा सोपा आहे. रोज दोन हजार कॅलरी खाणाऱ्या माणसाला लिनोलेइक किमान साडेपाच ग्रॅम आणि अल्फा-लिनोलेनिक किमान एक-सव्वा ग्रॅम पुरतं. हे आकडे जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या शिफारशीवरून, अनुक्रमे अडीच टक्के आणि अर्धा टक्का उष्मांक धरून काढले आहेत. साडेपाच ग्रॅम लिनोलेइक म्हणजे करडईच्या तेलाचे दोन लहान चमचेही नाहीत. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याचं कूट, तीळ, हरभरा यांतूनही ते येतच असतं. लिनोलेइकची उणीव असलेलं घर शोधूनच काढावं लागेल. उणीव पडते ती दुसऱ्याची. तो एक-सव्वा ग्रॅम मिळवायला पाच ग्रॅम जवस, म्हणजे भाजून कुटलेल्या पुडीचे दोन लहान चमचे पुरेसे आहेत.

आपल्या आज्यांच्या ताटात हे आपोआप जमत होतं. रब्बी ज्वारीच्या रानाला कडेने करडई पेरायची, तिच्या काट्यांमुळे जनावर आत शिरत नसे. मधे जवसाचे चार तास. कोवळ्या करडईची भाजी आधी व्हायची, मग पाठोपाठ हरभऱ्याची. शेतात आपसूक उगवणारी घोळ, पाथरी आणि चंदनबटवा निवडून आणायचे. यांतली घोळ तर ओमेगा-३ असलेल्या पालेभाज्यांत अगदी वरच्या क्रमांकाची आहे. वेळअमावस्येच्या भज्जीतही भाज्या आणि पाला भरपूर. आणि भाकरीबरोबर जवसाची चटणी, तिच्यात खळगा करून ओतलेलं करडईचं कच्चं तेल. ओमेगा-६ करडईतून, ओमेगा-३ जवसातून आणि पाल्यातून. यामागचं शास्त्र कुणी लिहून ठेवलं नव्हतं, पण पीकपद्धतीच तशी होती.

ती पद्धत मोडली याची कारणंही खरी आहेत, त्यासाठी कुणा शेतकऱ्याला बोल लावता येत नाही. करडईला मावा पडतो, काढणीच्या वेळी काट्यांमुळे मजूर मिळत नाहीत. जवसाचं उत्पन्न थोडं, आणि बाजारात पाच-दहा किलो जवस घेऊन बसणाऱ्याला भाव मिळत नाही. सोयाबीन तीन-साडेतीन महिन्यांत पदरात पडतं आणि बाजार समितीत लगेच विकलं जातं. पण सोयाबीनच्या दाण्यात तेल फक्त १८ ते २० टक्के. ते घाण्यावर सुटत नाही. मोठ्या कारखान्यात हेक्झेन नावाच्या द्रावकाने काढावं लागतं, मग शुद्ध करावं लागतं. म्हणजे शेतात तेलबिया उभ्या असूनही गावचा घाणा बंद पडला आणि आपण आपल्याच सोयाबीनचं तेल पिशवीतून विकत घेऊ लागलो.

घाणा काय देतो, काय देत नाही

घाण्याची बाजू कमी लेखायची माझी इच्छा नाही. उखळात लाट सावकाश फिरते, त्यामुळे तेल कोमटापलीकडे फारसं तापत नाही. लोखंडी एक्स्पेलरमध्ये बी आधी शेकतात आणि दाबाने उष्णता खूप वाढते. रिफाइंड करताना गोंद काढणं, आम्लता घालवणं, रंग उडवणं आणि शेवटी दोनशे अंशांच्या वर तापवून वास काढणं, एवढं सगळं होतं. या प्रवासात ई जीवनसत्त्वाचा आणि वनस्पती-स्टेरॉलांचा काही भाग आणि बियांचा मूळ स्वाद जातो. घाण्याच्या तेलात हे राहतं. तिळाच्या तेलातले सेसमिन, सेसमोलिन यांसारखे पदार्थ त्याला लवकर खवट होऊ देत नाहीत. गावातला पैसा गावात राहतो, पेंड जनावराला मिळते. १९३४ साली वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा मगनवाडीत घाणी सुधारण्याचं काम हाती घेतलं गेलं, त्यामागेही हाच विचार होता.

पण काही समज सोडून द्यायला हवेत. मेदाम्लांचं प्रमाण घाण्याच्या आणि रिफाइंडच्या तेलात, बी एकच असेल तर, जवळपास सारखंच असतं. कॅलरीही तितक्याच, ग्रॅममागे ९. ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ असं छापलेलं असेल तर त्यात विशेष काही नाही, कारण कोणत्याच वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसतं. आणि एक गोष्ट घाण्याच्या तेलात सहसा नसते: अ आणि ड जीवनसत्त्व. पिशवीवर ‘+एफ’ अशी खूण असलेल्या तेलात ही दोन मुद्दाम मिसळलेली असतात. घाण्याकडे वळणाऱ्या घराने पालेभाजी, गाजर, पिकलेला भोपळा, शेवग्याचा पाला, जमल्यास अंडं आणि कोवळं ऊन, इकडे जरा जास्त लक्ष द्यावं.

सर्वांत काळजीची गोष्ट बुरशीची आहे, आणि तिच्याबद्दल घाण्याच्या जाहिरातीत कुणी बोलत नाही. परतीच्या पावसात भिजलेल्या, नीट न वाळलेल्या शेंगांवर अ‍ॅस्परजिलस बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. ते यकृताला घातक आहे आणि कर्करोगाला कारण ठरतं. ते डोळ्यांना दिसत नाही आणि तळण्याच्या उष्णतेने पूर्ण जात नाही. रिफाइंड करण्याच्या प्रक्रियेत त्याचा बहुतेक भाग निघून जातो. घाण्याच्या तेलात ते काढणारी पायरीच नसते. म्हणून घाण्याचं शेंगदाणा तेल जितकं बियांइतकं चांगलं, तितकंच बियांइतकं वाईटही. आक्रसलेले, काळवंडलेले, बुरशीचा वास येणारे, फुटके दाणे घाण्यात गेले तर ते तेल रिफाइंडपेक्षा धोक्याचं. ‘खायला नाहीत, तेलाला चालतील’ अशा हिशोबाने बाजूला काढलेले शेंगदाणे घाण्यावर नेऊ नका. त्यांची पेंड जनावरालाही घालू नका, कारण ते विष दुधात उतरतं.

घाणा निवडायचा तर त्याचा फलक वाचून निवडू नका, सकाळी तिथे जाऊन बी पाहा. पोत्यात हात घालून मूठभर दाणे बाहेर काढा. दाणा ठणठणीत असावा, चावल्यावर कडवट लागू नये. शक्य असेल तर स्वतःचं बी न्यावं, निवडून न्यावं आणि समोर उभं राहून काढून घ्यावं. करडई घरची असेल तर हाच मार्ग उत्तम. घाण्यात तेल सुटावं म्हणून थोडा पाण्याचा हबका मारतात. त्यात गैर काही नाही, पण ओल राहिली तर तेल लवकर खराब होतं. म्हणून तेल दोन-तीन दिवस झाकून निवळू द्यावं, तळाचा गाळ सोडून वरचं कोरड्या भांड्यात काढावं.

भेसळ ओळखण्याची घरगुती युक्ती म्हणून तेल फ्रिजमध्ये ठेवायला सांगतात. गोठलं तर पामतेल, असा समज. तिच्यावर विसंबू नका, कारण शेंगदाण्याचं शुद्ध तेलही थंडीत गढूळ होतं. माझी पद्धत बाजारभावाची आहे. एक किलो शेंगदाण्यातून घाण्यावर चारशे ग्रॅमच्या आसपास तेल निघतं, म्हणजे किलोभर तेलाला सुमारे अडीच किलो दाणे लागतात. करडईच्या बियांत तेलच तीस टक्क्यांच्या जवळपास असतं आणि त्यातलं काही पेंडीत राहतं, म्हणून चार किलोच्या आसपास बी धरावं लागतं. त्या दिवशीचा बियांचा भाव घ्या, गुणा, पेंडीचे पैसे वजा करा, घाण्याची मजुरी मिळवा. तेल त्यापेक्षा बरंच स्वस्त मिळत असेल तर त्यात दुसरं काहीतरी आहे. बाटलीबंद तेल घेत असाल तर अन्नसुरक्षा परवान्याचा १४ अंकी क्रमांक आणि काढल्याची तारीख बघा. तुळजापूरसारख्या तीर्थक्षेत्री दुकानांत दिव्याचं तेल म्हणून ज्या बाटल्या मिळतात, त्या खाण्यासाठी नसतात. स्वस्त दिसली म्हणून ती बाटली स्वयंपाकघरात नेऊ नका.

कोणतं तेल कशाला

न शुद्ध केलेलं करडईचं आणि जवसाचं तेल फार तापवू नये. ती दोन्ही लवकर धुरावतात, आणि धूर निघाला की ज्या मेदाम्लासाठी आपण ते आणलं तेच बिघडायला लागतं. करडईचं तेल वरून घ्यावं: ठेच्यावर, पिठल्यावर, अंबाडीच्या गरम भाजीवर, येसराच्या आमटीवर. फोडणी द्यायचीच तर मंद आचेवर. रोजच्या फोडणीला आणि भाजीला शेंगदाण्याचं किंवा तिळाचं तेल जास्त टिकाऊ. सणाला तेलच्या, भजी करायच्या तर शेंगदाण्याचं तेल घ्यावं आणि लहान कढईत बेताचं घ्यावं, म्हणजे उरणार नाही. उरलंच तर गाळून दोन-तीन दिवसांत फोडणीला संपवावं. काळपट, चिकट, फेसाळ झालेलं तेल टाकूनच द्यावं. हॉटेलवाल्यांसाठी तर १ जुलै २०१८ पासून नियमच आहे की तळणीच्या तेलातली बिघडलेली संयुगं २५ टक्क्यांवर गेली की ते वापरता येत नाही.

एक घर एकाच तेलाला वर्षानुवर्षं बांधून घेऊ नये. दोन महिने शेंगदाणा, मग करडई किंवा तीळ, असं आलटून-पालटून वापरलं तर बरं. सोयाबीन रिफाइंड ज्यांना परवडतं तेवढंच आहे, त्यांनी अपराधी वाटून घेऊ नये. पामतेलापेक्षा ते नक्कीच सरस आहे, कारण पामतेलात जवळपास निम्मा भाग संपृक्त मेदाचा असतो. खरी टाळायची गोष्ट वनस्पती तूप आणि पुन्हा-पुन्हा उकळलेलं तेल ही आहे.

आता जवसाबद्दल थोडं जास्त बोलते, कारण माझ्या मते सगळा लाभ तिथे आहे आणि खर्च सर्वांत कमी आहे. जवसाचं तेल विकत घेऊ नका, जवस घ्या. त्याचं तेल हवेशी संयोग पावून इतक्या वेगाने वाळतं की रंग आणि वॉर्निशच्या धंद्यात ते त्यासाठीच वापरतात. दुकानातल्या फळीवर उजेडात महिनोन्महिने उभी राहिलेली पारदर्शक बाटली घरी आणली की ती कडू आणि खवट निघण्याची शक्यता मोठी. मीही एकदा अशी बाटली आणली होती, झाकण उघडल्यावर रंगकामाचा वास आला आणि ती तशीच टाकून द्यावी लागली. तेल घ्यायचंच असेल तर काळ्या काचेच्या लहान बाटलीतलं, ताजं, फ्रिजमध्ये ठेवून महिन्याभरात संपवायचं, आणि अजिबात न तापवता. बी मात्र स्वतःच्या कवचात वर्षभर सुखरूप राहतं.

अख्खं जवस गिळलं तर तसंच बाहेर पडतं. ते भाजून कुटावं लागतं. लोखंडी तव्यावर मंद आच ठेवा, मूठ-दोन मुठी टाका आणि तडतडायला लागलं की लगेच उतरवा. करपवू नका. गार झाल्यावर लाल मिरची, लसूण, जिरं, मीठ घालून भरड कुटा. मिक्सरमध्ये फार फिरवलं तर तेल सुटून गोळा होतो. एका वेळी आठ-दहा दिवसांची चटणी करा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. माणशी रोज दोन ते तीन लहान चमचे पुरेत. कच्च्या जवसात सायनाइड देणारी द्रव्यं थोड्या प्रमाणात असतात, भाजल्याने ती कमी होतात. म्हणून वाटीवाटीने कच्चं जवस खाण्याचा जो प्रकार हल्ली सांगितला जातो, तो करू नका. तंतू भरपूर असतो, तेव्हा पाणीही जास्त प्या. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल किंवा गर्भारपण असेल तर चटणीपुरतं ठीक, त्याहून जास्त घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

जवसाबद्दल मोठे दावेही कानावर येतील. योहाना बुडविग या जर्मन बाईंनी गेल्या शतकात जवसाचं तेल आणि दह्यासारखा चक्का यांचा आहार कर्करोगावर सांगितला, आणि तो अजून मोबाइलवरून फिरतो. त्याने कर्करोग बरा होतो याला रुग्णांवरच्या चाचण्यांचा आधार नाही. बार्शी किंवा सोलापूरला उपचार चालू असलेल्या माणसाने ते सोडून यामागे लागू नये, एवढी कळकळीची विनंती.

आणखी एक मर्यादा प्रामाणिकपणे सांगायला हवी. जवसातल्या अल्फा-लिनोलेनिक आम्लापासून शरीर डीएचए तयार करतं, पण अगदी थोडं. जे मासे खातात त्यांना ते आयतं मिळतं. सीना-कोळेगाव, तेरणा, मांजरा या धरणांतल्या गोड्या पाण्यातल्या माशांत ते समुद्रातल्या तेलकट माशांइतकं नसतं, तरी असतं. आठवड्यातून एक-दोनदा मासे खाणाऱ्या घरात गर्भवतीला आणि अंगावर पाजणाऱ्या आईला ते आवर्जून वाढावेत, तळून नाही, रश्श्यात. शाकाहारी घराने जवस, पालेभाजी आणि घोळ यांत खंड पडू देऊ नये.

किती

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार, वरून घेतलेलं तेल-तूप मिळून बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २५ ग्रॅम, मध्यम श्रमाला ३० आणि कष्टाच्या कामाला ४० पुरतं. स्त्रियांसाठी हेच आकडे २०, २५ आणि ३०. लहान चमचा साधारण साडेचार ग्रॅमचा. चौघांच्या घराला महिन्याला तीन ते साडेतीन किलो. पंधरा किलोचा डबा चार महिने पुरायला हवा. तो अडीच महिन्यांत संपत असेल, तर तेल घाण्याचं की पिशवीचं हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवून आधी पळी लहान करा. घाण्याचं तेल ‘औषधी’ समजून हात सैल सोडणाऱ्या घरांत वजन आणि रक्तातली चरबी वाढलेली मी पाहिली आहे.

पण हा सल्ला सगळ्यांना सरसकट देणं चूक ठरेल. नीती आयोगाच्या २०१८ च्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत आपल्या जिल्ह्याचं नाव आहे. भूम, परांडा, वाशी, कळंब भागातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं आहेत. तिथे तेल कमी करायला सांगणं म्हणजे उपाशीपोटी माणसाला उपास सांगण्यासारखं आहे. कोपीवर पहाटे भाकरी बांधून फडात जाणाऱ्या बाईला तीस ग्रॅमही मिळत नाहीत. कृश मुलाचं पोट लहान असतं, त्यात खूप अन्न मावत नाही, तेव्हा त्या थोड्या अन्नातच जोर असावा लागतो. मऊ खिचडीत, ज्वारीच्या लापशीत एक चमचा तेल घातलं की चाळीस कॅलरी वाढतात आणि घासही सरकतो. सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू झालं की प्रत्येक वाटीत अर्धा चमचा करडई किंवा शेंगदाण्याचं तेल घालायला हरकत नाही. दोन वर्षांखालच्या मुलाचं तेल कधी तोडू नका. वर्षाच्या पुढच्या मुलाच्या खिचडीत भाजलेल्या जवसाची चिमूट-दोन चिमूट बारीक पूड चालते.

आणि शेत असेल तर विकत तरी का घ्यायचं? १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिव भागात स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था बायकांबरोबर काम करू लागली. पुढे तिने घरच्या ताटासाठी एकरभर शेतीचा निर्णय बाईच्या हाती देण्याचा मार्ग अनेक गावांत रुजवला. त्या एकरात ज्वारी, डाळी, भाजीपाल्याच्या सोबतीला जवसालाही जागा द्यावी. हिशोब असा: चौघांनी रोज दहा-दहा ग्रॅम जवस खाल्लं तर वर्षाला पंधरा किलोच्या जवळपास लागतं. कोरडवाहूत गुंठ्याला तीन-चार किलो धरा, तर चार-पाच गुंठे पुरतात. वेगळा तुकडा नको असेल तर हरभऱ्यात ओळी टाका. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, रानात ओल असताना पेरा. करडई त्याच सुमाराला, सप्टेंबरअखेरपासून चालते. लातूरच्या गळीत धान्य संशोधन केंद्राचा एलएसएल-९३ हा जवसाचा वाण आपल्या भागातलाच, करडईत परभणीच्या कृषी विद्यापीठाचे वाण आहेत. बियाण्यासाठी तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात पोळ्याच्या सुमारासच चौकशी करून ठेवा, ऐन पेरणीत धावाधाव होते. माघ-फाल्गुनात जवसाची बोंडं तपकिरी झाली की सकाळच्या गारव्यात काढा, खळ्यावर दोन-तीन उन्हं दाखवा आणि पत्र्याच्या कोरड्या डब्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून भरून ठेवा. पुढच्या पेरणीचं बी त्यातूनच बाजूला काढा.